चोवीस कोअर परत पाठवले, सोळा ठेवले : डिझाइनसाठीच्या वर्कस्टेशनचे परीक्षण

पॅकिंग यंत्रांचे डिझाइन हा आमच्या छोट्या स्टुडिओचा व्यवसाय आहे. दिवसभर सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भाग आणि असेम्ब्ली (भाग जोडून झालेले पूर्ण यंत्र), आणि काम ग्राहकाला दाखवायची वेळ आली की ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलवरून तयार केलेले खऱ्यासारखे चित्र) व ॲनिमेशन, असे त्याचे स्वरूप असते. सहा वर्षे वापरलेला संगणक तीन हजार भागांच्या असेम्ब्लीपुढे धापा टाकू लागला तेव्हा नवा घेणे भाग पडले, आणि या वेळी कागदावरचे आकडे पाहून नव्हे, तर दोन यंत्रे प्रत्यक्ष वापरून निर्णय घ्यायचा असे ठरवले. पहिले एका मोठ्या कंपनीचे तयार वर्कस्टेशन होते आणि ते तीन आठवड्यांसाठी चाचणीला मिळाले. त्यात एएमडीचा थ्रेडरिपर प्रो ७९६५डब्ल्यूएक्स हा २४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे एकक) प्रोसेसर, १२८ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम आणि ४८ जीबी मेमरीचे आरटीएक्स ६००० एडा हे ग्राफिक्स कार्ड होते. दुसरे सुटे भाग निवडून जोडून घेतले : एएमडीचाच रायझन ९ ९९५०एक्स हा १६ कोअरचा प्रोसेसर आणि २४ जीबी मेमरीचे आरटीएक्स ४५०० एडा कार्ड. दुसरे पहिल्याच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडले; पण ते स्वस्त होते म्हणून ठेवले असे मात्र नाही, आणि ते का ठेवले हे सांगण्यासाठीच हे परीक्षण आहे.

चाचणीपूर्वी दोन आठवडे मी जुन्या संगणकाशेजारी एक वही ठेवली होती. संगणकासाठी थांबावे लागले की तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या : काय चालू होते, किती मिनिटे गेली, आणि तेवढ्या वेळात मी काय करत होतो. तिसरा रकाना सुरुवातीला उगाच, हौसेखातर आखला होता. खरा निवाडा त्यानेच केला. एकूण मिनिटांची बेरीज केली तर रेंडरचा वाटा इतका मोठा होता की बाकीचे सगळे त्याच्यापुढे किरकोळ वाटावे. परंतु रेंडरसमोरच्या तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी ‘घरी होतो’ किंवा ‘झोपलो होतो’ असेच लिहिलेले आढळले. उलट ‘पडद्याकडे बघत बसलो’ ही नोंद असेम्ब्ली उघडताना, एखादे माप बदलल्यावर मॉडेल पुन्हा बांधले जाताना आणि ड्रॉइंगची पाने अद्ययावत होताना पुन्हापुन्हा आली होती. माणूस खुर्चीत अडकून जी वाट पाहतो ती, आणि यंत्र एकटेच जागून काढते ती, या दोन्हींचे मोल एक धरले की खरेदी चुकते. मागच्या वेळी माझी चुकली होती ती अशीच.

खुर्चीत अडकवणाऱ्या कामांत कोअरच्या संख्येचा उपयोग किती कमी होतो, हे चाचणीच्या पहिल्याच दिवशी दिसले. सॉलिडवर्क्समधला एखादा साधा ब्रॅकेट घ्या. आधी स्केच, त्यावरून एक्स्ट्रूड (सपाट आकाराला जाडी देणे), मग कडांना फिलेट (गोलाई), मग आतून पोकळ करणारे शेल, मग बोल्टची भोके आणि त्यांचा पॅटर्न, अशी त्याची फीचर ट्री, म्हणजे पायऱ्यांची साखळी, असते. फिलेट कोणत्या कडेला द्यायचे हे एक्स्ट्रूड पूर्ण झाल्याशिवाय कळत नाही, आणि शेलची जाडी कोणत्या पृष्ठापासून मोजायची हे फिलेट झाल्याशिवाय ठरत नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निकालावर उभी असल्यामुळे ही कामे चोवीस जणांत वाटून देता येत नाहीत. एकजण काम करतो आणि बाकीचे तेवीस त्याच्याकडे पाहत उभे राहतात. मॉडेल पुन्हा बांधले जात असताना मी टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तेव्हा त्या भारदस्त प्रोसेसरचा एकूण वापर दोन-तीन टक्क्यांच्या घरात घुटमळत होता. हिशेब सरळ आहे : प्रत्येक कोअर कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, चालवतो, म्हणून २४ कोअरचे ४८ थ्रेड, त्यांपैकी एकच पूर्ण राबतो आहे, म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर. यंत्र आळशी नव्हते. कामच एकट्याचे होते.

अशा कामात महत्त्व उरते ते एका कोअरच्या वेगाला. थ्रेडरिपर प्रो ७९६५डब्ल्यूएक्सचा एक कोअर जास्तीत जास्त ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, रायझन ९ ९९५०एक्सचा ५.७ पर्यंत, शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या या रायझनची रचना एक पिढी पुढची आहे, त्यामुळे त्याच घड्याळात तो थोडे अधिक काम उरकतो. आमची सर्वांत मोठी असेम्ब्ली जुन्या संगणकावर अकरा मिनिटांत उघडायची. तयार वर्कस्टेशनवर ती पाच मिनिटांत उघडली आणि जोडलेल्या यंत्रावर चारपेक्षा थोड्या अधिक वेळात. फरक प्रचंड नाही हे मान्य. पण महागडे यंत्र मागे पडले, आणि तेही नेमके आम्ही दिवसातून दहादा करतो त्या कामात, ही गोष्ट दुर्लक्षावी अशी नव्हती.

कोअर वाढवले की वेग त्याच प्रमाणात वाढतो हा समज किती फसवा आहे, हे संगणक रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडून ठेवले आहे. समजा एखाद्या कामाचा केवळ दहावा हिस्सा असा आहे की तो वाटून देता येत नाही. मग २४ कोअर लावले तरी वेग सुमारे ७.३ पटच होतो, आणि कोअर चौपट करून ९६ केले तरी तो ९.१ पटीच्या पुढे सरकत नाही. थ्रेडरिपर प्रोच्या याच मालिकेत ९६ कोअरचा ७९९५डब्ल्यूएक्सही आहे. विक्रेते त्याच्याविषयी बोलू लागले की हे दोन आकडे मनात ठेवावेत.

याचा अर्थ थ्रेडरिपर प्रो किंवा त्याच्या तोडीचा इंटेलचा झिऑन डब्ल्यू ही पैशाची उधळपट्टी आहे असा होत नाही. फक्त तो कोणासाठी आहे हे ओळखावे लागते. त्याचे खरे बळ माझ्या मते कोअरमध्ये नसून त्यांच्या मागे असलेल्या रुंद रस्त्यांत आहे. थ्रेडरिपर प्रोची रॅम आठ मार्गांनी प्रोसेसरशी बोलते, म्हणून डीडीआर५-५२०० (डीडीआर५ प्रकारची, ५२०० वेगाची) रॅम आठही ठिकाणी भरली तर सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला सुमारे ३३३ जीबी माहिती ये-जा करू शकते. रायझनचे मार्ग दोनच, आणि डीडीआर५-५६०० धरूनही तो आकडा सुमारे ९० जीबीवर थांबतो. हवेच्या किंवा द्रवाच्या प्रवाहाचे सिम्युलेशन करणाऱ्यांचे घोडे बहुधा याच ठिकाणी अडते, कारण तिथे आकडेमोडीपेक्षा आकडे आणण्या-नेण्यातच वेळ जातो. तसेच पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डे आणि डिस्क प्रोसेसरला जोडणाऱ्या रस्त्यांच्या, तब्बल १२८ लेन असल्यामुळे त्यात तीन ग्राफिक्स कार्डे, वेगवान डिस्क आणि व्हिडिओचे कार्ड असे सगळे एकमेकांचा वाटा न हिसकावता बसते. रायझनकडे थेट प्रोसेसरकडून वापरायला मिळणाऱ्या लेन २४. एक ग्राफिक्स कार्ड आणि दोन डिस्क लावल्या की त्या संपल्या. ज्यांना कार्डे दोन किंवा तीन लागतात, किंवा ज्यांची दृश्ये दोनशे जीबी रॅम सहज खातात, त्यांनी माझ्या निष्कर्षाकडे सरळ पाठ फिरवावी. आमच्या कामात एकच कार्ड लागते, आणि सिम्युलेशन महिन्यातून एखाद्या वेळी.

आता ग्राफिक्स कार्ड. या खरेदीत मी सर्वाधिक विचार त्याचाच केला आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याचविषयी ऐकले. व्यावसायिक कार्ड आणि गेमिंगचे कार्ड यांतला फरक वेगाचा आहे असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात रेंडरच्या वेगात गेमिंगचे कार्ड पुष्कळदा पुढे असते. आरटीएक्स ४०९० या गेमिंगच्या कार्डात १६,३८४ कुडा कोअर (ग्राफिक्स कार्डातली छोटी गणन-एकके) आहेत आणि माझ्या ४५०० एडामध्ये ७,६८०. दोघांचीही मेमरी मात्र २४ जीबीच. मग कमी कोअरचे कार्ड का घेतले? पहिले कारण असे की सॉलिडवर्क्समधले रिअलव्ह्यू, म्हणजे मॉडेलिंग करतानाच धातूची चमक आणि सावल्या दाखवणारी सोय, गेमिंगच्या कार्डावर अधिकृतपणे मिळत नाही, आणि प्रमाणित कार्डांच्या यादीतही ती कार्डे नसतात. पडदा मध्येच गोठतो किंवा रेषा तुटक दिसतात अशी तक्रार घेऊन मदतकक्षाकडे गेले की पहिला प्रश्न कार्ड कोणते आणि ड्रायव्हर कोणता हाच येतो, आणि उत्तर यादीबाहेरचे असेल तर संभाषण तिथेच थंडावते. दुसरे कारण विजेचे आणि आवाजाचे : ४०९० ला ४५० वॅट लागतात आणि २०२५ मध्ये आलेल्या ५०९० ला ५७५, ४५०० एडा २१० वॅटमध्ये भागवते. सहा तास शेजारी बसून काम करणाऱ्याला हा फरक कानाला आणि अंगाला, दोन्हींना जाणवतो.

एक जुने कारण मात्र आता बाद झाले आहे. फोटोशॉपमध्ये १० बिट रंग हवे असतील तर व्यावसायिक कार्डच घ्यावे लागते असे अजूनही सांगितले जाते. ही कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१९ मध्ये स्टुडिओ ड्रायव्हरमधून ही सोय गेमिंगच्या कार्डांनाही दिली. ज्यांचे काम मुख्यतः छायाचित्रे, मांडणी आणि ब्लेंडर यांत आहे आणि सॉलिडवर्क्स, कॅटिया किंवा एनएक्स अशा यंत्र-डिझाइनच्या सॉफ्टवेअरशी ज्यांचा संबंध नाही, त्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

कार्डाची मेमरी किती हवी, याचे उत्तर मात्र अंदाजाने देऊ नये. ते कागदावर मांडता येते. ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेलचे (म्हणजे ८के) एक टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून, न दाबलेल्या स्थितीत २५६ एमबी जागा घेते. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा आणि उंचसखलपणा अशी तीन टेक्श्चर लागतात. आमच्या मागच्या ॲनिमेशनमध्ये अशी वीस मटेरियल होती, म्हणजे साठ टेक्श्चर, म्हणजे नुसत्या टेक्श्चरचेच १५ जीबी. त्यात तीन हजार भागांची भूमिती, किरणांचा मार्ग शोधण्यासाठी रेंडरर स्वतः रचतो ती जाळी, आणि मागे उघडेच राहिलेले सॉलिडवर्क्स मिळवले की २४ जीबीचे कार्ड भरले. ते भरले तेव्हा ब्लेंडरने मेमरी संपल्याचा लाल संदेश दाखवला आणि २१२ व्या फ्रेमवर काम थांबले. चाचणीच्या वर्कस्टेशनवर, ४८ जीबीच्या कार्डात, तीच फाइल कसलीही कुरकुर न करता पूर्ण झाली होती, आणि खरे सांगायचे तर त्या सकाळी माझा निर्णय डळमळला होता.

मग फाइल उघडून नीट पाहिली. पडद्यावर जेमतेम चार मिलिमीटर दिसणाऱ्या स्क्रूच्या डोक्याला आमच्याच एका सहकाऱ्याने ८के टेक्श्चर लावले होते. कॅमेऱ्याजवळ येणाऱ्या सहा मटेरियलना मूळ टेक्श्चर ठेवून उरलेल्या चौदांना ४के दिले. ४के टेक्श्चर ६४ एमबीचे असते, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. १५ जीबीचा बोजा सात जीबीच्या आसपास उतरला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर तो सहकारीसुद्धा फरक सांगू शकला नाही. दुप्पट मेमरीचे कार्ड घेण्याआधी फाइलची साफसफाई करून पाहावी असे मी सुचवीन. साफसफाईनंतरही फाइल मावत नसेल, तर मात्र काटकसर करू नये, कारण मेमरी संपलेले कार्ड कितीही वेगवान असले तरी त्या क्षणी त्याचा उपयोग शून्य असतो.

वेगाचा हिशेबही इथेच सांगून टाकतो. त्याच ॲनिमेशनची एक फ्रेम ६००० एडावर सरासरी चाळीस सेकंदांत होत होती आणि ४५०० एडावर पंचाण्णव सेकंदांत. ३६० फ्रेमना पहिल्यावर चार तास, दुसऱ्यावर साडेनऊ. हे अंतर मोठे आहे; पण रात्री आठला लावलेले काम पहाटे साडेपाचला संपते, आणि ते मध्यरात्री बारालाच संपले असते तरी तिसऱ्या रकान्यात ‘झोपलो होतो’ हेच लिहिले गेले असते. ज्या स्टुडिओत दिवसातून चारदा रेंडर बदलून ग्राहकाला दाखवावे लागते, तिथे हा युक्तिवाद एका दिवसात कोसळेल हे मला ठाऊक आहे. अंतर्गत सजावटीचे काम करणाऱ्यांकडे बहुधा तसेच असते.

रॅमच्या बाबतीत मात्र मला पुरते नडले, आणि तो प्रसंग तपशिलाने सांगावा असा आहे. जोडणी करून देणाऱ्या विक्रेत्याला १२८ जीबी सांगितले होते. त्याने ३२ जीबीच्या चार पट्ट्या बसवल्या आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्यांचा वेग ६००० वर नेऊन ठेवला. कागदावर सगळे झकास दिसत होते. दहाव्या रात्री रेंडर अर्ध्यावर गोठला. दोन दिवसांनी सॉलिडवर्क्सने साठवलेली एक फाइल पुन्हा उघडेना. विक्रेत्याचे म्हणणे असे की विंडोज नव्याने टाका. तसे न करता मी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून घरी गेलो. सकाळी पडदा पाहिला तेव्हा निळ्या पार्श्वभूमीवर लाल ओळींची रांग लागलेली होती आणि चुकांचा आकडा चार अंकी झाला होता.

कारण एएमडीच्या स्वतःच्या तक्त्यातच लिहिलेले आहे. ९९५०एक्सला दोन पट्ट्या असतील तर अधिकृत वेग डीडीआर५-५६००. चार पट्ट्या बसवल्या की तो थेट ३६०० वर येतो. चार पट्ट्यांचे संकेत सांभाळणे डीडीआर५ मध्ये मेमरी कंट्रोलरला फारच जड जाते, म्हणून रिकाम्या दोन खाचा ‘पुढे रॅम वाढवू’ या आशेने कितीही खुणावत असल्या तरी त्या रिकाम्या ठेवणेच शहाणपणाचे असते. आणि त्या जादा वेगाला एक्सपो वगैरे कोणतेही नाव दिले तरी ते शेवटी ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणे. खेळ खेळणाऱ्याने ते खुशाल करावे, पण ज्याच्या फाइलवरून लेझर कटिंगचा पत्रा कापला जाणार आहे त्याने करू नये. आठ दिवसांच्या वादावादीनंतर चार पट्ट्या परत गेल्या आणि त्यांच्या जागी ४८ जीबीच्या दोन आल्या. ९६ जीबी हा आकडा ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यानंतर यंत्र आजवर एकदाही अडलेले नाही. जाता जाता आणखी एक : नव्या डीडीआर५ पट्ट्या बसवल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहतो. त्या वेळी यंत्र रॅमशी जुळवून घेत असते. मी घाबरून दोनदा बटण दाबून ते बंद केले. तसे करू नये.

नव्या पट्ट्या ईसीसी घेतल्या. ईसीसी रॅम प्रत्येक शब्दासोबत जादा बिट साठवते आणि एखादा बिट आपोआप उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त करते. दोन बिट एकदम बिघडले तर निदान तसे कळवते. डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात, ते अर्धेच खरे आहे. चिपच्या आत होणारी ती दुरुस्ती चिपपुरतीच असते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि चूक झाल्याची नोंदही ती तुमच्यापर्यंत पोहोचवत नाही. थ्रेडरिपर प्रो आणि झिऑनच्या यंत्रांत पूर्ण ईसीसी गृहीतच असते. रायझनमध्ये ती चालते, पण मदरबोर्ड बनवणाऱ्याने तशी सोय दिली असेल तरच, म्हणून बोर्डाच्या माहितीपत्रकात तो शब्द स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शिवाय वर्कस्टेशनची रजिस्टर्ड ईसीसी पट्टी आणि रायझनला चालणारी साधी ईसीसी पट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत; डीडीआर५ मध्ये त्यांची खाचसुद्धा जुळत नाही.

प्रोसेसर निवडताना इंटेलचा कोअर आय९-१४९००के हाही पर्याय होता. त्याचा एक कोअर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि एकट्याच्या कामात तो खरोखर तडफदार आहे. परंतु १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केले, ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञावलीचा) उपाय दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. उपाय झाला हे चांगलेच, तरी अस्थिरतेची शक्यता मला दारात नको होती. व्हिडिओ संकलन करणाऱ्यांचा कल इथे वेगळा असू शकतो, कारण कॅमेऱ्यांतून येणारे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी या स्वरूपातले चित्रण इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर पूर्वीपासून सहज चालते. एनव्हिडियाच्या कार्डांत ती सोय ५० मालिकेपासून आली. ॲपलचा मॅक स्टुडिओ शांतता आणि मेमरी या दोन्ही बाबतींत मोहात पाडतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम३ अल्ट्रात तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून ५१२ जीबीपर्यंत एकच सामाईक मेमरी देऊ केली होती. मात्र मॅकओएसवर सॉलिडवर्क्स चालत नाही, आणि आमच्यापुरता प्रश्न तिथेच मिटतो. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स वापरणाऱ्यांचेही तेच.

डिस्कविषयी फार बोलण्यासारखे नाही. पीसीआय एक्सप्रेस ४ ची एनव्हीएमई डिस्क सेकंदाला सात जीबीच्या आसपास वाचते, पाचव्या पिढीची त्याहून बरीच जास्त. पण असेम्ब्ली उघडताना हजारो लहान फाइली वाचल्या जातात आणि तिथे हा वेग पूर्णपणे वापरलाच जात नाही. चौथ्या पिढीच्या दोन डिस्क घेतल्या, एक विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी, दुसरी चालू कामासाठी, आणि विषय संपवला.

आता तयार वर्कस्टेशनचे जे हरवल्यासारखे वाटते, ते सांगितले पाहिजे. त्याची बाजूची झडप एक कडी ओढली की उघडत असे. आत पंखे, डिस्क आणि कार्ड स्क्रूड्रायव्हरशिवाय निघत, आणि कुठे हात लावायचा तिथे ठळक रंगाची खूण होती. काही बिघडले तर एकच फोन, आणि बहुतेक करारांत दुसऱ्या कामाच्या दिवशी तंत्रज्ञ दारात. जोडलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी, कागद वेगळा, आणि दोष कोणत्या भागात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. रॅमच्या आठ दिवसांत मला त्याची पुरेपूर प्रचीती आली. ज्या कार्यालयात संगणकाची उठाठेव करण्याची हौस कुणालाच नाही, तिथे तयार यंत्रच घ्यावे, मग त्यात प्रोसेसर साधा का असेना. याच कंपन्या अशी रायझन किंवा कोअर प्रोसेसरची, एका कार्डाची, लहान वर्कस्टेशनेही बनवतात, आणि विक्रेते त्यांच्याविषयी आपणहून क्वचितच बोलतात. तयार यंत्रांची दुसरी बाजू अशी की त्यांचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बहुधा स्वतःच्याच आकाराचे असतात, म्हणून हमी संपल्यावर बाजारातला कोणताही भाग आणून बसवता येत नाही. काही थ्रेडरिपर प्रो यंत्रांत तर प्रोसेसर पहिल्यांदा सुरू झाला की त्याच कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो. जुना प्रोसेसर विकण्याचा बेत असेल तर हे आधी विचारून घ्यावे.

विजेचे दोन शब्द. चाचणीच्या वर्कस्टेशनमध्ये प्रोसेसर ३५० वॅटचा आणि कार्ड ३०० वॅटचे होते. दोन्ही पूर्ण भारावर असताना बंद खोलीत लहानसा हीटर लावल्यासारखे होई. जोडलेल्या यंत्रात प्रोसेसर १७० वॅटचा आहे आणि कार्ड २१०, म्हणून ८५० वॅटचा एसएमपीएस आरामात पुरतो. यूपीएस घेताना खोक्यावर ठळक छापलेला व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हेत, हे लक्षात ठेवावे. १५०० व्हीएचा यूपीएस पुष्कळदा ९०० वॅटच देतो. आजच्या चांगल्या एसएमपीएसना शुद्ध साइन वेव्ह मानवते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि काही वेळा त्याच क्षणी संगणक बंद पडतो, म्हणजे ज्यासाठी यूपीएस घेतला तेच हुकते.

यंत्र पारखताना सिनेबेंचसारखी चाचणी सर्व कोअर राबवून एक भव्य आकडा देते आणि तो पाहून माणूस भुलतो. तीच चाचणी एका कोअरवरही चालते. मॉडेलिंग करणाऱ्याने तो दुसरा आकडा पाहावा. स्पेकव्ह्यूपर्फ या ग्राफिक्स कार्डांच्या चाचणीत सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, माया यांच्यासाठी वेगवेगळे संच आहेत, त्यामुळे कार्डांची तुलना तिथे अधिक न्याय्य होते. तरी माझा कल सरळ आहे : आपल्याकडची सर्वांत त्रासदायक असेम्ब्ली आणि सर्वांत जड दृश्य पेन ड्राइव्हवर घेऊन जावे आणि विक्रेत्यासमोर उघडावे. जो विक्रेता याला नकार देतो, त्याच्याकडून एवढी मोठी वस्तू घेऊ नये.

नऊ महिन्यांनंतर मी वही पुन्हा काढली आणि दोन आठवडे नोंदी केल्या. असेम्ब्ली उघडण्याच्या नोंदी पार आटल्या आहेत आणि माप बदलल्यावर मी आता पडद्यावरून नजर हलवत नाही, कारण तेवढा वेळच मिळत नाही. ‘पडद्याकडे बघत बसलो’ ही नोंद आता सर्वाधिक वेळा येते ती सामाईक सर्व्हरवरून प्रकल्प उतरवून घेताना. आमचे जाळे एक गिगाबिटचे आहे; त्यातून सेकंदाला जेमतेम ११५ एमबी येतात आणि सेकंदाला सात जीबी वाचणारी डिस्क त्यांची वाट पाहत बसते. मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्डाच्या खालची एक खाच रिकामी आहे. दहा गिगाबिटचे कार्ड तिच्यात बसते, हे मोजून पाहिले आहे. पण त्यासाठी सर्व्हर आणि स्विच दोन्ही बदलावे लागतील, आणि त्यांच्यासाठी मी वहीचे नवे पान आखले आहे.